बाबांच्या हातची गाठ

गुरुवार, १ मार्च

धाकट्या,

तुझं कार्ड पोचलं. अकरा वर्षांनी पाच ओळी, आणि त्यातल्या चार मांसाबद्दल. दुकानात फोन आहे हे तुला ठाऊक आहे, तरी कार्ड टाकलंस, म्हणजे आवाज ऐकायचा नाहीये. ठीक आहे. मलाही लिहिणं सोपं जातं. लिहायचं म्हणजे हात धुऊन बसावं लागतं, तेवढीच विश्रांती.

तुमच्या वसतिगृहाचा मुख्य स्वयंपाकी काम सोडून चाललाय आणि गृहपाल बाईंनी पंचवीस तारखेच्या रविवारचं साठ मुलींचं जेवण तुझ्यावर टाकलंय. कोकराचा रस्सा, मंद आचेवर शिजवलेला. जमला तर भटारखाना तुझा. नाही जमला तर नवीन माणूस येईल आणि तू पुन्हा त्याच्या हाताखाली कांदे चिरत बसशील. हे मला समजलं. मांस कुठलं घेऊ, हा तुझा प्रश्नही समजला.

हसू नकोस, असं तू लिहिलंयस. हसले नाही. खाटकाच्या घरात वाढलास हे खरं, पण नवव्या वर्षी सुऱ्याने अंगठा कापून घेतलास, त्यानंतर बाबांनी तुला मांस तोडायच्या ओंडक्याजवळ उभं केलं नाही. मी ओंडक्याची आणि तू चुलीचा, अशी आपली वाटणी झाली. तुझ्या हातात मांस आलं ते कायम सोललेलं, गुंडाळलेलं आणि सुतळीने बांधलेलं. तेव्हा तुला येणार कुठून?

तर लिहून घे. मान, खांदा आणि नळी. पंधरा किलो घ्यायचं असेल तर सात किलो खांदा, पाच किलो मान, उरलेल्या नळ्या. कोकरू दिवसभर मान खाली घालून चरतं आणि पुढच्या पायांवर भार टाकून चालतं, म्हणून हे भाग राबलेले असतात. राबलेल्या मांसात पातळ पांढरे पडदे असतात. बघणाऱ्याला वाटतं, हे चिवट आहे. तीन तास दिलेस की तेच पडदे विरघळतात आणि रश्श्याला दाटपणा येतो. मान हाडासकट घे, दोन बोटं जाडीच्या चकत्या करून. खांद्याचे तुकडे मुठीएवढे ठेव, ते शिजून अर्धे होतात. नळीतली मज्जा रश्श्यात उतरते, त्यामुळे वेगळं तूप-तेल फार लागत नाही. सीना, म्हणजे छातीचा भाग, घेऊ नकोस, चरबी वर तरंगत बसते. मांडी तर अजिबात घेऊ नकोस.

बघायचं काय, तर चरबी पांढरी हवी आणि नखाने भुगा होईल अशी. पिवळी असेल तर जनावर म्हातारं आहे. सांध्याचं हाड गुलाबी आणि ओलसर दिसलं तर कोकरू, पांढरं आणि कोरडं दिसलं तर मेंढी, मग खाटीक शपथा घेऊन काहीही सांगो. बोटाने दाब, खड्डा भरून आला पाहिजे. थंडगार मांस दाबू नकोस, जरा बाहेर राहू दे. थंड मांसाला बोटं फसतात.

तिथला खाटीक गुंडाळी बांधून देऊ लागला तर घेऊ नकोस. आपल्याकडे गाठ म्हणजे शब्द. ज्याने बांधली त्याची आतल्या मांसाला हमी, आणि दुसऱ्याने ती सोडायची नाही, घरच्यानेही नाही. पण हा आपल्या दुकानाचा कायदा आहे, जगाचा नाही. तू उघडं मांस बघून घे.

बाबा बरे आहेत. नजर पूर्ण गेली, त्याला चार वर्षं झाली. तरी रोज दुकानात येतात, कोपऱ्यातल्या स्टुलावर बसतात आणि गुंडाळ्या बांधतात. पांढरी काठी दिली आहे, ती छत्रीसारखी कुठेही विसरतात. तुझं कार्ड त्यांना वाचून दाखवलं. मांसाच्या ओळी वाचल्या. ‘भांड्याला हात लावायची हिंमत होत नाही’ ही ओळ वाचली नाही.

ताई

गुरुवार, ८ मार्च

धाकट्या,

तिथला खाटीक हसला, असं लिहितोस. मान मागितलीस तर म्हणाला, ‘कुत्र्याला घालायची का?’ आणि मांडी पुढे केली, कोवळी, लुसलुशीत, साठ मुलींना साजेशी. तू घेणार होतास, पण माझं पत्र खिशात होतं म्हणून थांबलास. चांगलं केलंस. तो खाटीक वाईट माणूस नसावा. आपल्याकडे जे महाग ते चांगलं, असं सगळ्यांनाच वाटतं. मांडी भाजायला उत्तम. पाऊण तास कडक आच, आतून गुलाबी, झालं काम. तीच मांडी चार तास मंद शिजव, तिच्यात विरघळायला काही नसतंच. असलेला रस निघून जातो आणि मागे सुतळ्या उरतात. माणूस चावतो, चावतो आणि शेवटी कडेला काढून ठेवतो.

आता तुझ्या सरावाच्या भांड्याबद्दल. दोन किलो खांदा घेतलास, मुठीएवढे तुकडे केलेस, इथवर सगळं बरोबर. आणि दीड तासात खाली उतरवलंस, कारण ‘जास्त होईल असं वाटलं’. मग ते चामड्यासारखं लागलं आणि तू ठरवलंस की आपल्याला जमत नाही, बाईंना नाही सांगावं. अरे, अर्ध्या वाटेवरून परत फिरलास आणि म्हणतोस गाव आलंच नाही. खांदा दीड तासाला सगळ्यांत चिवट असतो. त्यानंतर तो मऊ व्हायला लागतो. रश्श्याला उकळी फुटू द्यायची नाही, कडेने एखाददुसरा बुडबुडा आला की पुरे. झाकण घट्ट. पहिले तीन तास उघडायचं नाही. गाजर-बटाटा शेवटच्या, चौथ्या तासाला टाक, आधी टाकलेस तर त्यांची लापशी होईल.

तू लिहितोस की भांड्याखाली आच वाढतेय असं सारखं वाटत राहतं, अकरा वर्षं झाली तरी. म्हणून दर पाच मिनिटांनी खाली वाकून बघतोस. कंबर धरेल, दुसरं काही होणार नाही. तुझ्या आचेत कधीच खोट नव्हती.

हे शेवटचं वाक्य लिहून गेले. खोडत नाही. पण त्यावर फार विचारू नकोस.

दुकान नेहमीसारखं चाललंय. गिऱ्हाइकं अजून पहिल्यांदा येतात तेव्हा मला विचारतात, ‘खाटीक कुठे आहेत?’ मी सुरा हातात धरून उभी असते. मी म्हणते, जेवायला गेलेत, तोवर मी कापून देते.

ताई

मंगळवार, १३ मार्च

धाकट्या,

विचारू नकोस म्हटलं की तू विचारणार, हे मला कळायला हवं होतं. तुझं म्हणणं, आचेत खोट नव्हती हे मला कसं ठाऊक, मी तर त्या दिवशी सभागृहात नव्हतेच.

नव्हते. पण मांस आपल्या दुकानातून गेलं होतं.

रेल्वेच्या कारखान्याला पन्नास वर्षं झाली म्हणून तीनशे माणसांचं जेवण होतं. तू सव्वीस वर्षांचा, सभागृहाच्या भटारखान्याचा नवा मुख्य स्वयंपाकी, वर्तमानपत्रात तुझा टोपीतला फोटो आलेला. तू आपल्याकडे खांद्याच्या चाळीस गुंडाळ्या मागवल्या होत्यास. त्याच सकाळी मोठ्या हॉटेलला भाजायला सव्वीस मांड्या जायच्या होत्या. दोन्हींची हाडं मी आदल्या दिवशी काढली होती आणि मांस दोन थाळ्यांत शीतकपाटात ठेवलं होतं. सकाळी बाबांच्या चौदा गुंडाळ्या बांधून झाल्या, तेवढ्यात हॉटेलवाला आपला माल बघायला आला, त्याने थाळ्या इकडच्या तिकडे सरकवल्या. बाबा पुन्हा बांधायला बसले. मांस बर्फासारखं गार होतं, आणि त्यांची नजर तेव्हाच जायला लागली होती. ते आपल्यापासून लपवत होते. तुझ्या चाळीसातल्या सव्वीस गुंडाळ्यांत मांडी बांधली गेली. तुझे खांदे हॉटेलला गेले. खांदा भाजला तरी खपून जातो, म्हणून तिकडून तक्रार आली नाही.

तू गाठी सोडल्या नाहीस. घरच्या शिस्तीने वाढलेला तू, बाबांची गाठ कशी सोडणार? तशाच भांड्यात टाकल्यास आणि चार तास दिलेस, खांद्याला देतात तसे. पुढचं तुला माहीत आहे. लोकांनी ताटात मांस ठेवून दिलं. बाबा भटारखान्यात आले आणि सगळ्या वाढप्यांसमोर म्हणाले, ‘ज्याला आच कळत नाही त्याने भांड्याला हात लावू नये.’ आठवड्याभरात तू गेलास.

मला हे महिनाभराने कळलं, हॉटेलवाल्याच्या बोलण्यातून. तोवर तू निघून गेला होतास आणि तुझा पत्ता नव्हता. नंतर ते राहूनच गेलं.

आता कळलं ना? मग बाईंना नाही म्हणू नकोस. मान घेताना मणक्यातली पांढरी दोरी काढून टाकायला सांग, ती राहिली तर वास येतो.

ताई

शनिवार, १७ मार्च

धाकट्या,

तुझं उत्तर मी तीनदा वाचलं. तू एका शब्दाने चिडलेला नाहीस. नुसतं लिहिलंयस, ‘ताई, गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात मी तुला पत्ता कळवला होता. तू स्वेटर पाठवलास.’

पाठवला होता. राखाडी, एक बाही लांब झालेली. ताकाला जाऊन भांडं लपवायचं, तर निदान स्वतःच विणलेला स्वेटर तरी लक्षात ठेवायला हवा होता.

महिनाभराने नाही. मला त्याच सकाळी कळलं होतं.

गुंडाळ्या पेटीत मी भरत होते. खांद्याची गुंडाळी हातात ओबडधोबड लागते, तिच्यात पडदे असतात, चरबीचे थर असतात. पहिल्या काही बरोबर होत्या. मग एक आली ती गुळगुळीत, घट्ट, एकसारखी. मी ती हातात धरून उभी राहिले. पुढची तशीच. पेटी भरेपर्यंत मी सव्वीस मोजल्या होत्या. दुकानात सात-आठ गिऱ्हाइकं, हॉटेलवाला काउंटरला टेकून उभा, आणि बाबा त्याला सांगत होते की माझी गाठ आजवर कुणाला सोडावी लागली नाही. मी तिथे गाठ सोडली असती तर सगळ्यांना कळलं असतं की म्हाताऱ्याला दिसत नाही. आणि दिसत नाही अशा खाटकाकडे कोण येतं? झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून मी पेटी बंद केली.

हे कारण खरं आहे. अकरा वर्षं मी स्वतःला हेच सांगत आले. पण ते अर्धं आहे.

मी तुला सभागृहात निरोप पाठवू शकले असते. पेटी पोचायला पाऊण तास लागला, तेवढ्यात फोन करून सांगता आलं असतं, गाठी सोड आणि मांडी वेगळी काढून भाज. फोन हाताशी होता. मी त्याच्याकडे बघितलं आणि गिऱ्हाइकाला कलेजी कापून दिली. मी सोळाव्या वर्षापासून ओंडक्यावर. माझी बोटं दोनदा फाटली, मला कुणी अंगठा कापला म्हणून बाजूला बसवलं नाही. आणि फोटो तुझा आला. बाबांनी तो कापून गल्ल्याच्या वर चिकटवला, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचे. मला वाटलं, एकदा जरा कमी पडू दे याचं. जरा. लोक दोन घास कमी खातील, बाबा दोन दिवस फोटो दाखवणार नाहीत, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मत्सर म्हणतात याला, दुसरा शब्द शोधत बसले नाही.

मांडीचं चार तासांनी काय होतं हे मला पूर्ण माहीत होतं. दोन पत्रांमागे मीच तुला लिहिलंय.

बाबा ते वाक्य बोलून घरी आले, तेव्हा मी भांडी घासत होते. ते मला म्हणाले, ‘पोराची आच चुकली.’ मी ‘हं’ म्हटलं. त्या एका ‘हं’मुळे तू अकरा वर्षं हाताने कांदे सोलत बसलास, आणि मी इथे नाकाने. मला तुझी माफी मागायची आहे आणि मागते. तू दिली नाहीस तरी रस्सा कर.

ताई

शुक्रवार, २३ मार्च

धाकट्या,

काल तुझी चिठ्ठी आली. दोनच वाक्यं. ‘बाबांना माहीत आहे का? ते कळल्याशिवाय मी भांडं चढवणार नाही.’

माझ्याबद्दल त्यात काही नाही. तो तुझा हक्क आहे. पण रविवारला तीन दिवस उरले होते आणि तू नेमकी तीच अट घातलीस जी मला नको होती. बाबांना माहीत नव्हतं. मी सांगितलंच नाही तर त्यांना कोण सांगणार? म्हणून काल दुपारी, गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा, त्यांच्या स्टुलाजवळ जाऊन उभी राहिले. ते गुंडाळी बांधत होते.

मी म्हटलं, “बाबा, कारखान्याच्या जेवणाच्या गुंडाळ्या आठवतात?”

“चाळीस,” ते म्हणाले.

“त्यातल्या सव्वीसांत मांडी होती. थाळ्या बदलल्या होत्या. मी पेटी भरताना ओळखलं, आणि तुम्हालाही बोलले नाही आणि त्यालाही नाही.”

त्यांनी हातातली गाठ पुरी केली. सुतळीचं टोक आत खोचलं. मग म्हणाले, “म्हणजे त्याची आच बरोबर होती.”

“हो.”

“आणि मी तिथे जाऊन बोललो.”

“बोललात.”

“तू का नाही बोललीस?”

मी तुला लिहिलं तेच सांगितलं, दोन्ही अर्धी. नजरेचं आधी आणि फोटोचं नंतर. ते ओरडतील असं वाटलं होतं, निदान उठून घरी तरी जातील. ते तिथेच बसून राहिले. दुकान बंद करेपर्यंत सुतळी बोटाला गुंडाळत होते आणि उलगडत होते, एकही गुंडाळी बांधली नाही. जाताना काठी विसरले नाहीत. मला त्यांची फार कीव आली, आणि माझी लाजही वाटली.

आज सकाळी माझ्या आधी तयार होऊन बसले होते. दुकानात आल्या आल्या म्हणाले, “त्याच्या रविवारचं मांस इथून जाईल. मान आण, खांदा आण, नळ्या आण. तासभर बाहेर राहू दे, गार नको.” मी ओंडक्यावर सगळं मांडलं. त्यांनी एकेक तुकडा हातात घेतला. मानेच्या चकतीतलं हाड चाचपलं, चरबी नखाने खरवडून बोटांत चुरली, वास घेतला. दोन तुकडे बाजूला सारले. मग खांद्याचा एक मोठा तुकडा दोन्ही हातांनी धरला, बराच वेळ दाबत राहिले आणि मला विचारलं, “हा खांदाच ना?”

मी ओंडक्याशी उभी राहिले त्याला तीस वर्षं होतील. इतक्या वर्षांत त्यांनी मांसाबद्दल मला एकही प्रश्न विचारला नव्हता. मी म्हटलं, खांदाच. मला भरून आलं. हेही लिहून टाकते, नाहीतर पुढच्या पत्रात तू पकडशील.

हे पत्र आज रात्रीच्या बसने पुढे पाठवतेय. उद्या पहाटेच्या बसने बर्फाची पेटी निघेल आणि अकरापर्यंत तुमच्या स्टँडवर येईल. ड्रायव्हर आपलं गिऱ्हाईक आहे, तो तुझ्या हातात देईल. आत पाच किलो मान, तीन किलो नळ्या आणि पाच किलो खांदा आहे. सगळं उघडं, कागदावर मांडलेलं. तू स्वतः बघून, दाबून घे. काही पसंत पडलं नाही तर तिथल्या खाटकाकडून घे, मला राग येणार नाही.

सगळ्यांत खाली दोन किलोची एक गुंडाळी आहे. ती बांधलेली आहे. गाठ माझी नाही, बाबांची आहे. मी म्हटलं, बाबा, सगळं उघडं जातंय तर ही कशाला बांधताय, तो सोडणार नाही. त्यांनी गाठ आवळली आणि म्हणाले, “त्याला लिही, सोडायची. सोडून बघायचं, खांदा नसला तर फेकून द्यायचं.”

मी विचारलं, “आणि आचेबद्दल काय लिहू?”

“आचेबद्दल मी काय सांगणार,” ते म्हणाले. “ते त्याला कळतं.”

ताई